कुत्रा चावला, तर मूल घरी सांगेल का?

श्रोतेहो, नमस्कार. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना स्वतःला जपायचं कसं शिकवायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. त्यासाठी विषय घेतलाय गल्लीतल्या कुत्र्याचा, कारण अंगणवाडीच्या वाटेवर तो रोजच भेटतो.

"जपून जा गं" एवढं सांगून या वयाला काही कळत नाही. कुत्र्याने दात विचकले, तर पुष्कळ लहान मुलांना तो हसतोय असंच वाटतं. म्हणून काय करायचं ते नेमकं सांगा. कुत्रा खात असेल, झोपला असेल, पिल्लांजवळ असेल, तर जवळ जायचं नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात खाली सोडायचे, नजर जमिनीकडे, आणि झाडासारखं उभं राहायचं. हे अंगणात खेळून घ्या. तुम्ही कुत्रा होऊन भुंका, मुलाला झाड होऊ द्या. चार दिवसांनी पुन्हा खेळा, कारण मुलं विसरतात.

खरी काळजी मला पुढची वाटते. पोटरीवर ओरखडा उठतो आणि मूल गप्प बसतं. "तूच खोडी काढली असशील!" हे घरी ऐकावं लागणार, याची त्याला भीती असते. शिवाय सुईची धास्ती. पण कुत्र्याच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातून रेबीज हा रोग होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर उपचार झाले तर मात्र हा रोग टाळता येतो. म्हणून मुलाने सांगितलं की तुमचं पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच असू द्या. कुणाचा नकोसा स्पर्श झाला तर तेही सांगायचं धाडस त्याला इथूनच येतं.

मग जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. धुऊन झालं की तडक सरकारी दवाखाना गाठा, साधा ओरखडा असला तरीही. पोटात 14 इंजेक्शनं घ्यावी लागत, ती जुनी लस आपल्याकडे 2004 साली बंद झाली. आता सुई दंडावर टोचतात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं औषध, द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा. पुढच्या डोसांच्या तारखा कागदावर लिहून मिळतात. जखम भरली, मूल खेळायला लागलं, तरी त्यातली एकही तारीख चुकवू नका.