मूव्ह: नियम घेणाऱ्या फील्डचा

मित्रहो, आज कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एकाच आज्ञेबद्दल बोलायचं आहे: मूव्ह. कोणत्याही जुन्या कोबोल प्रोग्रॅमची प्रोसीजर डिव्हिजन, म्हणजे आज्ञांचा भाग, उघडा, मूव्हच्या ओळींची रांगच लागलेली दिसेल. बँक, विमा, पगार या कामांत गणित थोडं असतं. एका रेकॉर्डमधली माहिती दुसऱ्या रेकॉर्डमध्ये आणि तिथून छापील रिपोर्टात नेणं, हेच मुख्य काम. १९५९ मध्ये अमेरिकेत कोबोलची आखणी सुरू झाली, तेव्हा ग्रेस हॉपर यांची फ्लो-मॅटिक भाषा समोर होती. मूव्ह तिच्यातही होतं.

ही आज्ञा इतकी सोपी वाटते की शिकवताना आपण पाच मिनिटांत उरकतो. ते मला पटत नाही, म्हणूनच हा विषय घेतला. मूव्ह अ टू ब असं लिहिलं की ‘ब’मध्ये काय उतरेल, हे ‘ब’ या फील्डचं, म्हणजे माहितीच्या त्या जागेचं, पिक्चर ठरवतं. पिक्चर (लिहिताना ‘पिक’) म्हणजे त्या जागेत काय आणि किती मावेल याचं वर्णन. आणि न मावलेला भाग मूव्ह मुकाट्याने टाकून देतं.

अक्षरांच्या फील्डचा नियम म्हणजे फॉर्मवरच्या चौकटीत नाव भरण्यासारखा. डावीकडून भरत जायचं, जागा उरली तर उजवीकडे स्पेस, जागा संपली तर उजवीकडचं कापलं जातं. यात आडनावाचं शेवटचं अक्षर जाईल, पण ते निदान डोळ्यांना दिसतं.

आकड्यांचं वेगळं. तिथे दशांशचिन्ह दशांशचिन्हाखाली बसतं. पिक्चरमधला व्ही ते चिन्ह कुठे आहे एवढंच सांगतो, मेमरीत त्याला जागा लागत नाही. आता १२३४५.६७८ ही रक्कम पिक ९(३)व्ही९९, म्हणजे चिन्हाआधी तीन आणि नंतर दोन अंकांच्या, फील्डमध्ये टाका. हातात येतात ३४५.६७. शेवटचा ८ गेला, तोही राउंड न होता. पण समोरचे १२ गेले, म्हणजे बारा हजार रुपये गेले, आणि प्रोग्रॅम शून्य रिटर्न कोड, म्हणजे ‘सगळं ठीक’ अशी खूण, देऊन व्यवस्थित संपला! वर्षाच्या दोन अंकांचा प्रश्न याच जातीचा. २००० हा आकडा पिक ९९ मध्ये टाकला की ०० उरतात.

याहून वाईट गोष्ट चिन्हाची. घेणाऱ्या फील्डच्या पिक्चरमध्ये एस, म्हणजे अधिक-उणे चिन्हाची खूण, नसेल, तर उणे ५०० चे नुसते ५०० होतात. खात्यातून जास्त उचललेली रक्कम शिल्लक म्हणून दिसू लागते. ‘एस’चं एक अक्षर लिहायचा कंटाळा कुणीही करू नये.

अॅड आणि कॉम्प्युट या गणिताच्या आज्ञांना ऑन साइज एरर, म्हणजे उत्तर मावलं नाही तर काय करायचं ते, जोडता येतं. मूव्हला ती सोय नाही. म्हणून मोठ्या फील्डमधून लहान फील्डमध्ये रक्कम न्यायचीच असेल, तर मी कॉम्प्युट ब = अ असं लिहून साइज एरर पकडायला सांगतो. ओळ लांबते, लांबू द्या.

आता ग्रुप मूव्ह, म्हणजे अनेक फील्ड एका नावाखाली बांधून त्या नावावर केलेलं मूव्ह. इथे जरा थांबू या, कारण रात्रीच्या बॅचमध्ये माणसांना उठवणारी चूक बहुतेकदा इथून येते. समजा ग्राहक-रेकॉर्ड हा ग्रुप आहे. त्यात नाव पिक एक्स(२०), म्हणजे वीस अक्षरांचं, आणि शिल्लक पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३, म्हणजे अर्ध्या बाइटला एक अंक असं दाटून ठेवलेली. म्हणजे नऊ अंक आणि चिन्ह मिळून पाच बाइट. कुणीतरी रेकॉर्ड साफ करायला मूव्ह स्पेसेस टू ग्राहक-रेकॉर्ड लिहितो. ग्रुपचं नाव आलं की कोबोल आतली फील्ड पाहतच नाही, सगळा ग्रुप म्हणजे अक्षरांची एक लांब पट्टी. नाव रिकामं झालं, छान. पण शिल्लकेच्या पाचही बाइटमध्ये हेक्स ४० (सोळाच्या पद्धतीतले ४०) बसला, कारण मेनफ्रेम या मोठ्या संगणकाच्या एब्सिडिक अक्षर-संकेतात स्पेस म्हणजे हेक्स ४०. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह हवं, तिथे आहे शून्य. मूव्हच्या ओळीवर काहीच होत नाही. पुढे कुठल्या तरी पॅराग्राफमध्ये प्रोग्रॅम त्या शिल्लकेत व्याज मिळवायला जातो आणि एसझीरोसीसेव्हन येतो, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच सापडल्याने प्रोग्रॅम बंद पडतो. डम्प, म्हणजे बंद पडतानाच्या मेमरीची नोंद, बोट दाखवतो बेरजेच्या ओळीकडे. बिचारा नवा मुलगा बेरीज तपासत बसतो.

अशा वेळी मागे जा. त्या फील्डच्या वरच्या प्रत्येक ग्रुपचं नाव शोधा, त्यावर मूव्ह कुठे झालंय ते पाहा. आणि साफ करायला इनिशियलाइझ वापरा. ते आतलं प्रत्येक फील्ड पाहून आकड्यांत शून्य आणि अक्षरांत स्पेस घालतं. फिलरला, म्हणजे बिननावाच्या फील्डला, मात्र ते सहसा हात लावत नाही, हे ध्यानात असू द्या.

मूव्ह करस्पाँडिंगबद्दल थोडक्यात: दोन ग्रुपांतली सारख्या नावांची फील्ड ते जोडीजोडीने नेतं. उद्या कुणी एका बाजूचं नाव बदललं की ते फील्ड गुपचूप गळतं. मी ते टाळतो.

एका बाबतीत मात्र मूव्हचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं, ते म्हणजे छपाई. पिक्चर आपण लिहितो, त्यामुळे स्वल्पविरामही आपल्या मर्जीने पडतात. झेडझेड,झेडझेड,झेडझेड९.९९ असं पिक्चर द्या (झेड म्हणजे पुढचं शून्य न छापणारी अंकाची जागा) आणि १२३४५६७.५ त्यात मूव्ह करा. कागदावर १२,३४,५६७.५० उमटतं, आपल्या लाखांच्या पद्धतीने. ४५०० टाका, पुढचे शून्य आणि स्वल्पविराम आपोआप गायब. पण याच फील्डमध्ये बरोबर एक कोटी टाकून पाहा. आठ अंक, जागा सातांची, समोरचा १ गेला. रिपोर्टवर छापलं जातं ०.००. तेव्हा खालच्या एकूण बेरजेच्या ओळीला वरच्या ओळींचं पिक्चर उचलून देऊ नका, तिथे दोन-तीन अंक जास्तीचे ठेवा.