कोअर फिरवण्याआधी
(सांगलीत जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या दुरुस्तीवर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या रिसीव्हरपैकी ज्यांचा ट्यूनर, म्हणजे केंद्र पकडणारा भाग, बंद असतो, त्यांतल्या बऱ्याच संचांत मूळ बिघड किरकोळ असतो. पण तो सापडला नाही म्हणून आधीच्या कोणीतरी आय.एफ. (मधल्या ठरलेल्या वारंवारतेच्या) कॉइलचे कोअर, म्हणजे आतले फिरवता येणारे फेराइटचे गाभे, एकेक करून फिरवलेले असतात आणि एका दोषाचे सहा दोष झालेले असतात. कोअर आपणहून फारसे हलत नाहीत. चाळीस वर्षे नीट वाजलेला संच एका सकाळी मुका झाला, तर त्याचे कारण अलाइनमेंट, म्हणजे कोअरची जुळणी, नव्हे, एवढे गृहीत धरूनच झाकण उघडावे.

ट्यूनरचे काम समजण्यासाठी आपलेच केंद्र घेऊ. सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागते. तिथे काटा आणला की संचातला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर निर्माण करणारा भाग, १७०६ किलोहर्ट्झवर चालू लागतो, आणि या दोहोंच्या मिश्रणातून फरकाची, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झची लहर निघते. हीच आय.एफ. कोणतेही केंद्र लावा, फरक तोच राहतो. त्यामुळे पुढचे सगळे प्रवर्धन आणि गाळणी एकाच ठरलेल्या वारंवारतेसाठी बांधता येते. ही सुपरहेटरोडाइन रचना पहिल्या महायुद्धाच्या काळात एडविन आर्मस्ट्राँग यांनी मांडली आणि पुढे एफ.एम.चा पायाही त्यांनीच घातला. एफ.एम.मध्ये हा फरक १०.७ मेगाहर्ट्झ असतो, एवढेच.

या रचनेमुळे तपासणीही सोपी होते. पुरवठ्याचा व्होल्टेज मल्टिमीटरने पाहून झाला की पहिला प्रश्न असा, की ऑसिलेटर चालतो आहे का? त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. रिसीव्हर ९० मेगाहर्ट्झवर ठेवा, शेजारी एक साधा एफ.एम. रेडिओ आणा आणि तो १००.७ च्या आसपास फिरवा. एका जागी त्याची खरखर एकदम शांत झाली आणि रिसीव्हरची डायल हलवताच ती शांत जागाही सरकली, तर ऑसिलेटर जिवंत आहे आणि दोष त्याच्या पुढे शोधायचा. काही थोड्या संचांत ऑसिलेटर केंद्राच्या खाली असतो, त्यामुळे तिथे काही ऐकू आले नाही तर ७९.३ चाही विचार करावा. मात्र आपल्या साध्या रेडिओची पट्टी तिथवर पोहोचत नाही.

डायल फिरवताना खरखरते, केंद्र मधेच उडी मारते, अशी तक्रार असेल तर गँग कंडेन्सरकडे, म्हणजे डायलबरोबर फिरणाऱ्या पात्यांच्या कंडेन्सरकडे, बघावे. त्याच्या फिरत्या दांड्याला चेसिसशी जोडणाऱ्या बारीक स्प्रिंगपट्ट्या असतात. जुने ग्रीस तिथे काळे पडून वाळते आणि अर्थिंग तुटक होते. तेवढ्याच जागी काडीने थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर लावला की पुरते. पात्यांवर फवारा मारू नये आणि पाती वाकवून ‘सरळ’ तर मुळीच करू नयेत.

आता आपल्या भागाचा खास विषय, तो म्हणजे ओल. २०१९ च्या पुरानंतर आलेल्या संचांत पाणी शिरलेले तर होतेच, पण जे माळ्यावर सुरक्षित होते, त्यांतलेही काही वर्षभरात कढईत तळण चालावे तसे चुरचुरू लागले. आय.एफ. कॅनच्या, म्हणजे आय.एफ. कॉइलच्या धातूच्या डबीच्या, बुडाशी चांदीचा मुलामा असलेला लहानसा नळीसारखा कंडेन्सर बसवलेला असतो. ओल आणि डी.सी. व्होल्टेज एकत्र आले की चांदी एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकते आणि मधूनमधून गळती सुरू होते. कोअर फिरवून हा आवाज कधीच जात नाही. कॅन उतरवून, बुडाची नळी हलकेच फोडून काढून, त्याच मूल्याचा चांगला सिरॅमिक कंडेन्सर ट्रॅकच्या बाजूने लावावा. मूल्य माहीत नसेल तर कोअरच्या मधल्या फेऱ्यांतच सिग्नलचा सर्वोच्च बिंदू मिळेल असे निवडावे. यानंतर मात्र कोअर फिरवणे भाग आहे, पण तेही प्लास्टिकच्या हत्याराने. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर फेराइटला तडा देतो आणि कॉइलचे मोजमापही बिघडवतो.

परदेशातून आणलेल्या डिजिटल डायलच्या संचांविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मध्यम लहरींची पायरी, म्हणजे डायल एका वेळी सरकते ते अंतर, १० किलोहर्ट्झची, आपल्याकडे ९ ची. म्हणून असा संच १२५० वर थांबतो आणि सांगली केंद्रावर नेमका बसत नाही. मागे पायरी बदलण्याचे बटण आहे का, ते आधी पाहावे. हा बिघड नव्हे. जपानच्या घरगुती बाजारातल्या जुन्या संचाची एफ.एम. पट्टी ७६ ते ९० एवढीच असते, त्याला तर इलाजच वेगळा.

स्टिरिओ डीकोडर, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग, सर्वांत शेवटी घ्यावा, कारण आय.एफ.ची गाळणी बिघडलेली असताना डावे-उजवे नीट वेगळे होत नाही. अनेक संचांतला डीकोडर आय.सी. ७६ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याला चारने भागून केंद्राकडून स्टिरिओची खूण म्हणून येणाऱ्या १९ किलोहर्ट्झच्या पायलट लहरीशी जुळवून घेतो. फ्रीक्वेन्सी काउंटर नसेल तर स्टिरिओ केंद्र लावून डीकोडरचा प्रीसेट (जुळणीचा छोटा स्क्रू) सावकाश फिरवावा, स्टिरिओचा दिवा जिथे लागतो आणि जिथे विझतो त्या दोन जागा टिपून प्रीसेट बरोबर मधोमध ठेवावा. त्याला हात लावण्याआधी मूळ जागेवर नेलपॉलिशचा एक ठिपका दिलेला असला, म्हणजे चुकले तरी परत येता येते.