वडसा: एका पिकावर उभं राहिलेलं शहर

मंडळी, गडचिरोली जिल्हा आकाराने प्रचंड, पण कित्येक दशकं या जिल्ह्याच्या वाट्याला एकच रेल्वे स्थानक होतं, ते वडशाचं. नगरपरिषदेच्या पाटीवर देसाईगंज, स्थानकाच्या पाटीवर वडसा. मी आपलं वडसाच म्हणतो. गोंदिया ते चांदाफोर्ट हा मार्ग आधी छोट्या रुळांचा होता, १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला वैनगंगा, पलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. वर अर्जुनी मोरगाव, म्हणजे गोंदिया. पूर्वेला कुरखेडा, कोरची आणि त्यापुढे छत्तीसगड. या सगळ्या मुलखात पावसाळ्यात एकच पीक दिसतं, धान. ते शेतात पिकवतात खेडी. त्याचा पैसा येऊन थांबतो तो वडशात. आज मला बोलायचंय ते या थांबलेल्या पैशाबद्दल. तो येतो कुठून, जातो कुठे, आणि वर्षातले काही महिने गायब का होतो?

आधी पाणी. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर पडतो, बाराशे-तेराशे मिलिमीटर सहज. मग अडचण कसली? अडचण वेळेची आहे. रोवणी होते जुलैत, भारी, म्हणजे उशिरा तयार होणारा, धान निसवतो सप्टेंबर अखेरीला, आणि नेमका तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. दाणा भरायच्या वेळी एक पाणी मिळालं तर पोतं भरतं, नाही मिळालं तर हातात तणस राहते. पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, उभे राहिले ते या एका पाण्यासाठी. गोंड राजवटीत कोहळी समाजातल्या जाणकारांनी उतार हेरून, खालच्या अंगाला पाळ घालून ते बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. तळाशी कठीण खडक, वर चढउताराची जमीन, त्यामुळे पाणी मुरून नाहीसं होत नाही आणि पाळही फार लांबवावी लागत नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, आणि ती जायलाच हवी होती. पण तलावांची मालकी सरकारकडे जाताना गाळ काढायची आणि पाळ दुरुस्त करायची जबाबदारी कोणाच्याच अंगावर नीट बसली नाही. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, शंभर हेक्टरांच्या आतले जिल्हा परिषदेकडे, आणि तलावाच्या पोटात अतिक्रमण. पुढे इटियाडोहसारखी धरणं झाली. ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी लागतं ते उन्हाळी धानही घेतात. उरलेल्यांना एकच हंगाम.

दिवाळीच्या आसपास हलका धान निघतो, मागोमाग भारी, आणि इथून शहर जागं होतं. आधारभूत खरेदी केंद्रांसमोर रांगा, बारदान्याची ओरड, सातबारा ऑनलाइन चढवायची धांदल. २०२५-२६ च्या हंगामासाठी आधारभूत भाव साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि अ दर्जाला २,३८९. म्हणजे फरक अवघा वीस रुपयांचा. शेजारच्या छत्तीसगडात २०२३ च्या निवडणुकीनंतर एकूण ३,१०० रुपये मिळू लागले, म्हणून कोरचीकडच्या शेतकऱ्याला हद्दीची ती रेघ रोज टोचते. महाराष्ट्राने बोनस दिला, पण तो हेक्टरी आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेत. क्विंटलवर बोनस दिला की कागदावरचा धान वाढतो, ही त्यामागची भीती खोटी नाही. चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, मात्र रखडतात, आणि ते रखडले की वडशाच्या कापड दुकानापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळं रखडतं.

मला जास्त खटकते ती गोष्ट वेगळी आहे. सरकारने घेतलेला धान राईस मिलवाल्याकडे भरडाईला, म्हणजे तांदूळ काढायला, जातो. नियम असा की एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा. कोंडा, कनकी, तूस मिलवाल्याचं. उन्हाळी धानात तुकडा जास्त पडतो, तेव्हा हे ६७ किलो भरताना त्याच्या नाकी नऊ येतात. हा व्यवहार सुरक्षित आहे, पण यात मिलवाल्याला बाजार शोधावा लागत नाही, चव ओळखावी लागत नाही, पोत्यावर स्वतःचं नाव टाकावं लागत नाही. आधारभूत खरेदीने शेतकऱ्याला आधार दिला हे खरंच, पण त्याच खरेदीने गिरणीतला व्यापारी मजुरीवर आणला, असं माझं मत आहे.

आणि हे कोणत्या मुलखात घडतंय? याच रेल्वे मार्गावर नागभीड लागतं. त्या तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे राहत. दीड एकराचे धनी. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या वाणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, निवडत गेले, आणि त्यातून बारीक दाण्याचं वाण निघालं. घड्याळाच्या नावावरून ते एचएमटी म्हणून देशभर विकलं गेलं. फोर्ब्सने २०१० मध्ये त्यांची दखल घेतली. २०१८ मध्ये ते गेले, तोवर त्या वाणाने इतरांना जे दिलं त्याचा लहानसा वाटाही त्यांच्या घरी आला नव्हता. बारीक तांदळाला खुल्या बाजारात चढा भाव आहे, पण त्यातली कमाई होते ती शहरातल्या पॅकिंगच्या टेबलावर, आणि ते टेबल बहुतेकदा वडशात नसतं.

वडशाने धानाच्या पैशावर स्वतःच्या बळाने उभारलेला एक धंदा मात्र आहे. नाटक! झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला हा धानाचा मुलूख, तिथल्या रंगभूमीच्या मंडळ्यांची कार्यालयं इथे आहेत. दिवाळीनंतर गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक चालतं. गावकरी वडशाला येऊन कंपनी ठरवतात, नट-नट्या बाहेरून येऊन हंगामभर इथेच मुक्काम ठोकतात, आणि मंडपवाला, गाडीवाला, छापखानेवाला, खानावळवाला सगळ्यांची चूल त्यावर पेटते. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते शेजारच्या कुरखेडा तालुक्यातले. विकासाच्या अहवालांत या धंद्याला एक ओळही मिळत नाही, कारण तिथे उद्योग म्हटला की आधी धुराडं शोधतात. पण पाऊस दगा देतो त्या वर्षी नाटकांच्या तारखाही रिकाम्या राहतात. म्हणजे हाही धंदा शेवटी बांधीतल्या दाण्यालाच बांधलेला.

मग होळीनंतर काय? कालव्याखालच्या शेतांत उन्हाळी धान असतो. बाकीचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता चार पैसे देतो, आणि तो तोडायला जंगलात शिरावं तर वाघाची भीती. पावसाळ्यात ही भीती नदीकडून येते. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला आलेला पूर इथे कोणी विसरलेलं नाही. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आजही काठावरची गावं सामान हलवायला लागतात.

जिल्ह्याच्या विकासाची सारी चर्चा सध्या सुरजागडच्या लोहखनिजाभोवती फिरते. ते होईल तसं होवो. वडशापुढचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा नवा लोहमार्ग होतोय. तो पूर्ण झाला की जिल्ह्याचं एकमेव स्थानक ही वडशाची मिरास संपेल. वाटेतल्या आरमोरीचा माल मग वडशात उतरायलाच हवा असं नाही. तोवर इथल्या गिरण्यांनी भरडाईच्या जोडीला बारीक तांदूळ निवडून, पॅक करून, स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली, तर माल गाडीत चढवण्याआधीचं निम्मं काम तरी इथे राहील. त्यासाठी चांगली कोरडी गोदामं लागतात. आज कित्येक ठिकाणी खरेदीचा धान उघड्यावर ताडपत्रीखाली पडून असतो, आणि एका अवकाळी पावसात त्याला कोंब फुटतात. सुरुवात कुठून करायची असं मला कोणी विचारलं, तर मी गोदामाची जागा दाखवीन.