अळी जन्मायच्या आधी

या टबात ज्वारीची भरड आहे. वर कापड ताणून बांधलंय आणि त्याखाली फडफडतायत ते तांदळावरचे पतंग. घरच्या धान्याला लागले तर आपण हैराण होतो. पिकावरच्या किडीला अंड्यातच मारणारी मित्रकीड तयार करायची या प्रयोगशाळेत मात्र ते मुद्दाम वाढवतात, अंड्यांसाठी.

भरडीत अंडी सोडल्यापासून पतंग निघायला साधारण ४० दिवस जातात. मग ते रोज गोळा करायचे. पंखांची भुकटी नाकातोंडात जाते, म्हणून या ताईंनी मास्क बांधलाय. चाळून, पाखडून हाती येतात ती ही अंडी, रव्याहून बारीक. कार्डावर डिंकाचा पातळ हात फिरवायचा आणि त्यावर ती एकसारखी भुरभुरायची. एका कार्डावर सुमारे २०,०००. हा निळसर उजेड अतिनील दिव्याचा. त्याखाली अंड्यातला जीव मरतो, नाहीतर अळ्या निघून इतर अंडी खातील.

आता भिंगातून बघा. ही ट्रायकोग्रामा, गांधीलमाशीच्या कुळातली चिमुकली मित्रकीड, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पतंगाच्या अंड्यात ती स्वतःचं अंडं घालते. तीन-चार दिवसांत अख्खं कार्ड काळं पडतं. हेच ट्रायकोकार्ड. सात-आठ दिवसांत त्यातून नवी पिढी बाहेर पडते. थोडं लांबवायचं तर फ्रिज.

ऊन उतरलंय. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानांना खालच्या बाजूने टाचतायत, सावलीत आणि मुंग्यांपासून जपून. खोडकिडीची मादीही पानाखालीच अंडी घालते, एकावर एक रचून. ट्रायकोग्रामा ती शोधून काढते आणि त्यातून अळी निघतच नाही.

खोडकिडीने वाळवलेला हा उसाचा मधला कोंब, म्हणजे पोंगा, ओढला की सहज हातात येतो, बुडाशी कुजका वास. अळी एवढ्या आत शिरल्यावर फवारा तिथवर नीट पोहोचत नाही. म्हणून आमचं सांगणं आहे, अंड्यावरच घाव घाला. दर दहा-पंधरा दिवसांनी नवं कार्ड लावा आणि मधल्या काळात रासायनिक फवारणी टाळा, कारण औषध या मित्रकिडीलाही मारतं.

कपाशीत बोंडअळीच्या अंड्यांवरही ट्रायकोकार्ड चालतं. फवारणीचं औषध माणसालाही घातक ठरतं: २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

काही साखर कारखान्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्यात. त्यांच्या सभासदांची सोय होते. बाकीच्यांना औषधाची बाटली गावात मिळते, कार्डासाठी मात्र आधी मागणी नोंदवून वाट बघावी लागते. इथे काय लागतं ते आत्ता तुम्ही पाहिलंत: भरड, टब, चाळण्या, डिंक, दिवा, फ्रिज आणि रोजचा नेटका हात. नीट प्रशिक्षण मिळालं तर गावातला बचत गटही हे काम करू शकतो. कृषी खात्याने आणि कारखान्यांनी त्यासाठी पुढे यावं.