पहिलाच छर्रा वर का जातो

लालबागची ही चाळ, तिसरा मजला, बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय. खोलीचं दार आतून लावलंय, भिंतीला टेकून मातीने गच्च भरलेली पेटी ठेवलीय आणि तिच्या पुढ्यात टेबलावर क्रोनोग्राफ, म्हणजे छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र. दोन सेन्सर असतात त्यात, छर्रा पहिल्यावरून गेला की घड्याळ सुरू, दुसर्‍यावरून गेला की बंद.

रायफल माझ्या भाचीची. दहा मीटर एअर रायफल खेळते ती, खांद्याला केस अडकवून लोकलने दादर, तिथून वरळीची रेंज. गेले दोन महिने तिचं एकच रडगाणं, जरा थांबून मारलेला पहिला शॉट वर जातो आणि मग सगळं सरळ. आधी वाटलं श्वास चुकतोय, मग म्हटलं ट्रिगर, मग तीन वेगवेगळे छर्रे आणून झाले, घरात डब्यांचा ढीग लागला, आणि पोरगी स्वतःलाच दोष देत बसली. ते मला बघवेना, म्हणून आम्ही काकांकडे आलो. काका माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर, चाळीत कुणाचंही मशीन अडलं की यांच्याकडेच येतं.

फरक केवढासा आहे ते आधी सांगतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. सेकंदाला साधारण 172 मीटर वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत 16-17 मिलिमीटर खाली येतो. तोच 177 ने निघाला तर जवळजवळ एक मिलिमीटर कमी खाली येतो, म्हणजे वर लागतो. एक मिलिमीटर म्हणजे चार दशांश गुण गेले, एका शॉटला मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण 10.9, त्याचा 10.5 झाला, आणि फायनलमध्ये एवढ्यावर माणूस बाहेर पडतो.

वेगाची ही डोकेदुखी मोठ्या रायफलवाल्यांनाही आहेच. काडतूस स्वतः भरणारे बंदुकीच्या दारूचं वजन, ती पेटवणारा प्रायमर, काडतुसाच्या नळीच्या तोंडाची गोळीवरची पकड यात गुंतलेले असतात, पण आपल्याकडे तो लायसन्सचा मामला. आणि 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ज्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं त्यात पॉइंट टू टू, म्हणजे .22 मापाचं काडतूस लागतं, ते घरी भरताच येत नाही, म्हणून खेळाडू कारखान्यातून आलेला एकेक लॉट मारून बघतात आणि जमला तो धरून ठेवतात.

"काका, हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटरच गेला असेल ना? खोलूया?"

"खोलायची घाई नको गं बाळा. आधी यंत्र खरं बोलतंय का ते बघू."

आणि खरंच, दुसर्‍याच शॉटला यंत्राने 210 दाखवलं! वरची ट्यूबलाइट लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण सेन्सरला कळतं. काकांनी ट्यूब बंद केली, बॅटरीवरचा दिवा लावला, आकडे जाग्यावर आले.

मग छर्रे. झवेरी बाजारातून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर वीस छर्रे एकेक करून तोलले, 530 मिलिग्रॅमच्या आसपास सगळे, फार तर पाच मिलिग्रॅम इकडेतिकडे. तेवढ्याने वेगात सेकंदाला एक मीटरही फरक पडत नाही, पाच तर लांबच. मागचा घेर दबलेले दोन निघाले, ते बाजूला टाकले.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. काका सरासरी काढतच नाहीत, आकडे आले त्याच क्रमाने वहीत एकाखाली एक लिहितात, शेजारी घड्याळातली वेळ. अर्ध्या अर्ध्या मिनिटाने मारलेले, 172, 173, 172, 172. मग दहा मिनिटं चहा. मग 177. लगेच पुढचा 173. परत दहा मिनिटं, परत 177.

नुसती सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. रायफलच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा, रेग्युलेटर ती ठरलेल्या दाबावर आणून पुढे सोडतो आणि आतली छोटी सीट हवेची वाट बंद करते. सीट घट्ट बसली नाही तर हवा हळूहळू पाझरत राहते, रायफल जितका वेळ नुसती पडून तितका पुढचा दाब चढतो, आणि तो सगळा पहिल्या छर्‍याच्या वाट्याला येतो.

रायफल काकांनी खोलली नाही, दाबाखालची वस्तू घरी खोलायची नसते, ती सर्व्हिसवाल्याकडे गेली. सीटवर केसाएवढा ओरखडा आणि आत ओल. पावसाळ्यात आम्ही जिथून हवा भरून आणत होतो तिथे कॉम्प्रेसरला ओलावा काढायचा फिल्टरच नव्हता.

आज नवी सीट घालून रायफल परत आलीय. 172, 172, 173. काकांनी वहीत वेळ लिहिली, चहा झाला, दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. भाचीने श्वास सोडला, ट्रिगर दाबला.

173.