बरोबरी पुरेशी होती

[दृश्य: भुसावळचं रेल्वे मैदान, सकाळचे साडेसहा. गोलच्या खांबाला दोरी बांधून कुणीतरी चादर वाळत घातली आहे.]

भुसावळात एप्रिलमध्ये फुटबॉल खेळायचा तर आठच्या आत आटपावं लागतं. त्यानंतर जमीन तापते. माती काळी, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. सरळ आलेला चेंडू भेगेवर टप्पा खातो आणि कुठे उडेल ते देवालाही सांगता येत नाही. गावात सगळे क्रिकेटवाले. फुटबॉल दिसतो तो रेल्वे कॉलनीच्या आसपास, तोही मूठभर पोरांत.

त्या पोरांना शिकवायचे मामा. सगळ्या गल्लीचे मामा. लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या शिकवणीत गोल मारणं शेवटी यायचं. "आधी आपलं दार लाव. मग दुसऱ्याच्या घरात डोकाव," हे त्यांचं रोजचं वाक्य. आम्हाला ते भित्रेपणाचं वाटायचं.

[दृश्य: गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. कडेला पाण्याचा तांब्या.]

३० एप्रिल २०१७, रविवार. घराघरांत बिबडे घालायचे दिवस. दिवसभर गच्चीवर राखण केली आणि संध्याकाळी बिबडे गोळा करताना मी मोबाइल कठड्याला टेकवून ठेवला. शिलाँगला आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, शेवटचा सामना चालू होता. चित्र दर दोन मिनिटांनी अडकायचं. मामा जिना चढून वर आले, एक ओला बिबडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "काय पाहू राह्यला रे भो?"

म्हटलं, ऐजॉल.

"हे कुठं आलं?"

मिझोरमची राजधानी, म्हटलं. मामांनी पुढचा प्रश्न विचारला तो रेल्वेवाल्याचाच. "गाडी जाते का तिथं?" तेव्हा जात नव्हती.

[दृश्य: डोंगरउतारावर एकावर एक रचल्यासारखी घरं. मधोमध कृत्रिम गवताचं हिरवं मैदान.]

ऐजॉल एफसी. क्लब १९८४ चा, पण देशाच्या सर्वोच्च विभागात पहिल्यांदा खेळला तो २०१५-१६ ला. नऊ संघांत आठवा आला आणि खालच्या विभागात ढकलला गेला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. तो पैसे भरून थेट प्रवेश मिळालेला संघ, त्याला पदावनतीतून सूट होती. म्हणजे शेवटचा वाचला आणि त्याच्या वरचा बुडाला. वर त्याच मोसमात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहन बागाननं ऐजॉलला ५-० असं धुतलं.

मग गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे संघ लीगमधून बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत बोलावलं गेलं. पंगतीत पान मांडलेलं असावं आणि पाहुणाच येऊ नये, तशी ही जागा. खेळून मिळवलेली नव्हे.

त्याच सुमारास मुंबईत एक माणूस मोकळा झाला. खालिद जमील. जन्म कुवेतचा, कारकीर्द मुंबईची, दुखापतींनी लवकर संपलेली. २००९ पासून सात वर्षं त्यानं प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसी सांभाळला. पैसा बेताचा, तारे कुणी नाहीत, कूपरेजवर प्रेक्षकही मोजकेच. जिंकण्याच्या गोष्टी कुणी करत नसे. पण त्या सात वर्षांत हा संघ एकदाही खाली गेला नाही. टीकाकार म्हणत, कंटाळवाणा खेळ. होताच. मी स्वतः त्यांचे सामने अर्ध्यावर बंद केलेत.

२०१६ मध्ये मुंबईनं नवा प्रशिक्षक आणला आणि खालिद ऐजॉलला गेला. जाताना जयेश राणे, आशुतोष मेहता ही आपली माणसं घेऊन गेला. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स आला. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना, त्याच्यामागे लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. बाकी बहुतेक मिझो पोरं, जी त्या डोंगरात पळतच मोठी झालेली. समोरचा संघ सत्तराव्या मिनिटाला धापा टाकायचा आणि ह्यांचा खेळ तिथून चढायचा.

[दृश्य: गुणतक्ता. अठरा सामन्यांचा मोसम.]

मोसम जानेवारीत सुरू झाला. पहिलाच सामना कोलकात्यात ईस्ट बंगालशी, १-१. तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. मधले महिने मी भराभर पुढे सरकवतो, कारण त्यांत नाट्य कमी आणि काम जास्त आहे. एका गोलनं जिंकायचं, आघाडी धरून ठेवायची, घरी परतायचं.

थांबायचं ते २२ एप्रिलला. ऐजॉलचं राजीव गांधी स्टेडियम, समोर मोहन बागान. दोघांचे गुण सारखे, ३३-३३. वर्षभरापूर्वी पाच गोल खाल्लेला संघ आता बागानला पुढे सरकू देत नव्हता. ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टे उंच उडाला आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. १-० आणि वर तीन गुणांची आघाडी. दार लावणाऱ्यानंच दुसऱ्याच्या घरात डोकावून घेतलं, हे मला नंतर सुचलं. मामांना आधीच सुचलं असतं.

[दृश्य: पुन्हा गच्ची. अंधार पडलेला. मोबाइलच्या उजेडात दोन चेहरे.]

तर ती ३० तारीख. ऐजॉलला फक्त बरोबरी हवी होती. समोर ईशान्येतलाच शिलाँग लाजाँग. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांदा डिकानं गोल केला. तिकडे कोलकात्यात त्याच वेळी बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. मी बिबड्यांची चवड तशीच सोडली. मामा मात्र खाली बसून निवांत बघत होते, तेही चेंडू नव्हे. "तो चार नंबरचा बघ, जागा सोडत नाही," असं काहीबाही. मागे पडलेला संघ घाबरला नाही, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

चित्र अडकलं. गोल फिरणारी ती पांढरी रेघ. परत सुरू झालं तेव्हा पिवळ्या दिव्यांखाली माणसं एकमेकांच्या अंगावर पडलेली. ६७ वं मिनिट, विल्यम लालनुनफेला. गोल मी पाहिलाच नाही, फक्त त्याच्यानंतरची झुंबड पाहिली. सामना १-१ सुटला. कोलकात्यात बागान २-१ जिंकला, पण उपयोग नव्हता. ऐजॉल ३७, बागान ३६. अकरा विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव. ईशान्य भारतात राष्ट्रीय लीगचा किताब पहिल्यांदाच गेला.

आणि तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अगदी तळाशी, मुंबई एफसी. ज्या वर्षी खालिद नव्हता त्याच वर्षी तो संघ खाली गेला आणि नंतर बंदच पडला. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्सही संपला. महाराष्ट्राला ह्याची फारशी चुटपुट लागल्याचं मला तरी दिसलं नाही.

ऐजॉलला बक्षीस काय मिळालं? विजेते झाले आणि लगेच प्रश्न उभा राहिला की पुढे सर्वोच्च लीग कुठली. पैसा आणि टीव्ही इंडियन सुपर लीग ह्या समांतर लीगकडे, तिथे ह्यांना जागा नाही. विजेत्या क्लबला उपोषणाचा इशारा द्यावा लागला. खालिद आणि अल अमना ईस्ट बंगालला गेले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहाननं ऐजॉलला ३-१ असं हरवलं. ह्यावर माझा राग अजून गेलेला नाही, पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

[दृश्य: मैदानावर तोच गोलचा खांब. चादर काढलेली. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी शिवण उसवलेला चेंडू बगलेत धरून उभी.]

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. बातमी मी मामांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "बरं झालं," आणि गुडघ्याच्या दुखण्याकडे वळले.

पुढच्याच महिन्यात आणखी एक बातमी आली. बइराबीपासून सायरांगपर्यंत ५१ किलोमीटरचा नवा मार्ग, चाळीसहून जास्त बोगदे. रेल्वे ऐजॉलच्या वेशीपर्यंत पोचली. ही मात्र मामांनीच मला फोन करून सांगितली. आवाज वेगळाच होता.

"भो, आता जाते गाडी. इथून हावडा मेलनं निघायचं, कोलकात्याला बदलायची. फक्त एकदाच बदलायची."