गोळी पोचल्यावर काय करते?

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत लक्ष्याची गोळी आणि शिकारीची गोळी हा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. जंगलाच्या काठावरच्या गावात येऊन हरणाच्या शिकारीवर बोलता, हे कसं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते आधीच मोकळं करून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. चितळ असो, सांबर असो, भेकर असो की काळवीट, त्याच्यावर बंदूक रोखणाऱ्यासाठी तुरुंग आहे आणि तो असायलाच हवा. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड इथं हरणाची शिकार कायद्यात बसते, म्हणून हरणाचं सगळं उदाहरण मी तिकडचं देणार. ते दिल्याशिवाय भागत नाही, कारण आपल्या भागातली पोरं आता रायफल नेमबाजीत उतरायला लागली आहेत आणि त्यांच्या हातात जी गोळी येते ती अशी का बनवली हे समजायला तिची दुसरी बहीण, म्हणजे शिकारीची गोळी, हीही बघावी लागते.

खऱ्या गोळ्या मी आणलेल्या नाहीत. परवाना माझ्या नावावर आहे, सभागृहाच्या नाही. पडद्यावर ही दोन चित्रं बघा. दोन्ही गोळ्या मधोमध कापलेल्या आहेत. दोन्हींचा व्यास सारखा, .३०८ इंच, आणि वजनही जवळपास सारखंच. डावीच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक आहे. उजवीच्या टोकाला तांब्यातून शिसं बाहेर डोकावतंय. सांगा, हरणासाठी कुठली?

बहुतेक हात डावीकडे गेले. भोक आहे म्हणजे लागल्यावर फुलत असणार, असं वाटतंच. प्रत्यक्षात ते भोक कारखान्यात राहून गेलेलं आहे. साध्या फौजी गोळीचं तांब्याचं जॅकेट टोकाकडून बंद असतं आणि शिसं बुडाकडून भरतात, त्यामुळे बूड थोडं उघडं राहतं. लक्ष्यभेदाच्या गोळीत उलटं करतात. गोळी नळीतून निघते त्या क्षणी मागून रेटणारा वायू बुडावरच दाबत असतो. बूड केसभर जरी वाकडं असलं तरी गोळी निघतानाच कलते. म्हणून बूड अखंड ठेवायचं, शिसं टोकाकडून भरायचं आणि टोक मिटवत आणायचं. मिटवता मिटवता जे उरतं ते हे भोक. सिएरा कंपनीची मॅचकिंग गोळी याच पद्धतीची, आणि ती शिकारीसाठी वापरू नका असं कंपनी स्वतःच सांगते. जनावराला लागली तर ती कधी सरळ आरपार जाते, कधी आतच चुरा होते. काय करेल याचा नेम नाही. हरणासाठीची गोळी ती उजवी, उघड्या शिशाच्या टोकाची.

आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ इथं आहे. कागदाच्या लक्ष्यावर मारायची गोळी कागदाला टेकली की तिचं काम संपतं. शिकारीच्या गोळीचं काम तिथं सुरू होतं. दुकानात डबीवर लिहिलेला वेग बघून गोळी निवडणारे लोक हा एवढाच प्रश्न विचारायचा विसरून जातात.

आता कागदाकडे येऊ. लांब पल्ल्याला गोळीचा वैरी म्हणजे हवा. हवेला गोळी किती कमी अडते, याचा एक आकडा असतो, बॅलिस्टिक कोएफिशंट. शूटर लोक नुसतं बीसी म्हणतात. मॅचकिंगची १६८ ग्रेनची गोळी घ्या (ग्रेन म्हणजे गोळी तोलायचं बारीक वजन), तिचा बीसी ०.४६२ आहे. त्याच घराण्यातल्या १७५ ग्रेनच्या गोळीचा ०.५०५. वजनात अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही. पण १६८ ची गोळी ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी आखलेली आहे. तिचं बूड १३ अंशांनी निमुळतं होतं, १७५ चं ९ अंशांनी. सहाशे मीटरपर्यंत दोघी बहिणी सारख्याच गुणी. हजार यार्डाच्या जवळ गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाशी येऊन टेकतो, तिथं हवेचा दाब गोळीभोवती वेडावाकडा सरकतो आणि १६८ ची गोळी डळमळते. १७५ ची त्यातून बऱ्यापैकी निभावून नेते. एवढ्याशा चार अंशांनी.

जाता जाता एक सूचना. बीसी मोजायची दोन मापं प्रचारात आहेत, जी-१ आणि जी-७. जी-१ जुन्या, सपाट बुडाच्या गोळीवरून आलेलं. जी-७ हे लांब, निमुळत्या बुडाच्या गोळीला जास्त लागू पडतं. एकाच गोळीचा जी-७ चा आकडा जी-१ च्या साधारण निम्मा दिसतो. तेव्हा एका डबीवरचा जी-१ आणि दुसरीवरचा जी-७ शेजारी ठेवून भांडू नका. जाहिरातीत मोठा आकडा छापायची हौस सगळ्यांना असते.

गोळी लांब झाली की तिला जास्त वेगानं फिरवावं लागतं. भोवरा जसा पुरेसा फिरला नाही तर लवंडतो, तसंच. हे फिरवण्याचं काम नळीतले आटे करतात. बारा इंचांत एक फेरा देणारी नळी १६८ ची गोळी सांभाळते. त्याहून लांब गोळ्यांना दहा इंचांत एक फेरा लागतो आणि ६.५ क्रीडमूरसारख्या बारीक, लांब गोळ्यांच्या नळ्यांत आठ इंचांत एक. म्हणून गोळी निवडण्याआधी आपली नळी काय फेऱ्याची आहे हे बघा. चांगली गोळी चुकीच्या नळीतून मारली की ती कागदाला आडवी जाऊन लागते. भोकाऐवजी किल्लीच्या खाचेसारखा आकार दिसला तर समजायचं, फेरा कमी पडला.

आता आपल्या भागाचा विषय, याला जरा वेळ देतो, कारण परदेशी तक्त्यात हा सापडत नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४६-४७ पर्यंत जातो. या दोन टोकांमध्ये हवा साधारण ११ टक्के विरळ होते. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी, म्हणून थंडीत बसवलेला नेम उन्हाळ्यात लांब पल्ल्याला वर लागतो. त्यात काडतुसातली दारू गरम झाली की जास्त जोरात जळते, वेग वाढतो, दाबही वाढतो. उन्हात तापलेल्या जीपच्या बॉनेटवर काडतुसांची डबी ठेवणारे महाभाग आहेत, त्यांना हे ऐकवा. मग उन्हाळा लांब पल्ल्याला चांगला का? तसं सरळ नाही. तापलेल्या हवेत ध्वनीचा वेगही वाढतो. १० अंशांना तो सेकंदाला ३३७ मीटरच्या आसपास, ४६ अंशांना ३५८. म्हणजे गोळी ज्या उंबरठ्यावर डळमळते तो उंबरठाच वर सरकतो. विरळ हवेनं दिलेल्या वेगातला मोठा वाटा तिथं परत जातो.

आणि वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ च्या गोळीला ३०० मीटरवर पंधरा-वीस सेंटीमीटर ढकलतो. हजार यार्डावर तोच वारा तिला दोन मीटरच्या वर ढकलतो. पल्ला तिपटीच्या जरासा वर गेला, ढकलणं दहा पटींहून जास्त. हजार यार्डावर चांगला शूटर आणि साधा शूटर यांच्यातला फरक रायफलीत कमी आणि वारा वाचण्यात जास्त असतो. नांगरलेल्या काळ्या रानावर दुपारी जे मृगजळ उठतं, ते दुर्बिणीतून बघा. वारा नसला तर ते सरळ वर उकळतं. वारा आला की त्याच दिशेला कलतं, आणि जोर वाढला की आडवं वाहायला लागतं. ही शाळा आपल्याला फुकट मिळाली आहे. पोरांनो, बिनगोळीची, बिनरायफलीची ही शिकवणी आहे, धुऱ्यावर बसून करता येते.

आता हरीण. जर्मनीचा कायदा छोट्या रो हरणासाठी म्हणतो, १०० मीटरवर गोळीत किमान १००० ज्यूल ऊर्जा हवी. मोठ्या हरणाला किमान ६.५ मिलिमीटरचा व्यास आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. इंग्लंडचा कायदा त्यापुढे जाऊन सांगतो की हरणावर मारायची गोळी फुलणारीच हवी. आणि याच फुलणाऱ्या गोळीवर १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धापुरती बंदी घालण्यात आली. ती गोळी कुठली, तर आपल्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात बनलेली. कॅप्टन बर्टी-क्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं .३०३ रायफलीच्या गोळीच्या टोकावरचं जॅकेट थोडं कमी केलं, त्यामुळे गोळी अंगात शिरून पसरायला लागली. माणसाच्या बाबतीत जे क्रूर ठरलं ते हरणाच्या बाबतीत सक्तीचं झालं. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात तर्क आहे. सैनिकाला लढाईबाहेर काढणं पुरे असतं, नंतर दवाखाना आहे. हरणाला दवाखाना नाही. बारीक भोक पडून ते दोन कोस पळालं आणि रात्रभर झुडपात पडून मेलं, तर त्याहून वाईट काही नाही. म्हणून फौजी, पूर्ण जॅकेटची गोळी हरणाला वर्ज्य.

नुसतं फुलणंही पुरत नाही. १९४६ साली जॉन नॉस्लर कॅनडात मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे घोड्याहून थोराड हरीण. त्याच्या जोरदार रायफलीच्या गोळ्या चामड्याखालीच फुटून राहिल्या, आत पोचल्याच नाहीत. त्यानं घरी येऊन मधे तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा कप्पा फुलतो, भिंतीमागचा कप्पा तसाच राहून आत शिरतो. पार्टिशन नावानं ती १९४८ पासून विकली जाते. पुढे अखंड तांब्याच्या गोळ्या आल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते आणि मघाचा आट्यांचा प्रश्न परत समोर येतो.

तांब्याकडे जाण्याचं दुसरं कारण गिधाडं. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण मांसात पसरतात, उरलेलं मांस गिधाडं खातात आणि त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडं वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद झालं. आपली गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकनं, गुरांच्या औषधानं, २००६ मध्ये ते बंद झालं. दोष वेगळा, मरणारा पक्षी तसाच, मेलेल्या जनावरांवर जगणारा.

आता शिकारीत पल्ला किती, याबद्दल माझं मत कडक आहे. फुलणाऱ्या बहुतेक गोळ्यांना फुलायला सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग लागतो. .३०८ मध्ये तो चारशे मीटरच्या मागेपुढे संपतो. त्यापुढे गोळी लागेल, फुलेल याची खात्री नाही. शिवाय ३०० मीटर जायला गोळीला चार दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकतं, आणि छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. कागद पाऊल टाकत नाही. हरणाच्या छातीचा जो भाग लागला पाहिजे तो वीस सेंटीमीटरच्या आसपासचा. साधी शिकारी रायफल २०० मीटरवर नऊ सेंटीमीटरच्या आत गोळ्या टाकते. म्हणजे शिकाऱ्याला मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, गोळीच्या अचूकपणाची गरजच नाही, आणि मॅच शूटरला फुलण्याची नाही. तरी दोघे एकमेकांच्या डब्या कौतुकानं चाळत बसतात.

(इथे मागच्या ओळीतून प्रश्न आला : "सर, आमच्या इकडं रोही आन् डुक्कर लय तरास देते. परवानगी भेटली तं कोनती गोयी वापराची?")

काका, प्रश्न रास्त आहे. रात्रभर जागल करून सकाळी उकरलेलं रान बघणाऱ्याला कायद्याची पुस्तकं दाखवण्यात अर्थ नाही, तरी पहिली गोष्ट कागदाचीच. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही (म्हणजे नीलगाई) आणि रानडुकरांबाबत कायद्यात परवानगीची वाट आहे, ती वनखात्याच्या लेखी हुकमानं, त्यातल्या अटींप्रमाणे. तोंडी परवानगी ही परवानगी नाही. दुसरं, सैन्याच्या बोअरची, म्हणजे .३०३ किंवा ७.६२ ची रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. आपल्याकडे मिळते ती बहुधा .३१५, तिची २४४ ग्रेनची, बोथट नाकाची, उघड्या शिशाच्या टोकाची गोळी. लांब पल्ल्याला ती कामाची नाही, हवा तिला लवकर अडवते. शंभर मीटरच्या आत ती रानडुकराला पुरून उरते. पण माझी भीती गोळीच्या जातीबद्दल कमी आणि तुमच्या शेताबद्दल जास्त आहे. सपाट रान, मागं बांध नाही, पलीकडच्या शेतात दुसरा माणूस जागलीवर. चुकलेली रायफलची गोळी किलोमीटरच्या हिशेबात जाते, कुठलीही असो. मचाणावरून खाली, जमिनीकडे मारलं तर माती गोळी घेते. धुऱ्यावर उभं राहून आडवं मारलं तर ती कोण घेईल सांगता येत नाही. आणि जखमी डुक्कर तुरीत शिरलं तर रात्री त्याच्या मागं जाऊ नका. हा वाघाचा मुलूख आहे, रक्ताच्या मागावर तुम्ही एकटेच नसता.

पोरांसाठी शेवटचं. तुमचा पल्ला सध्या ५० मीटरचा, गोळी .२२ ची, ४० ग्रेनची, शिशाची. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते याच ५० मीटरच्या प्रकारात. ही गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवतात, म्हणजे तो डळमळीचा उंबरठा वाटेत लागतच नाही. इथं बीसीची चर्चा करू नका, लॉटची करा, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालाची. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगळ्या लॉटची काडतुसं एकाच रायफलीत वेगळे गट देतात, म्हणजे कागदावर एका लॉटच्या गोळ्या जवळजवळ लागतात, दुसऱ्याच्या पसरतात. मोठे खेळाडू कंपनीच्या रेंजवर जाऊन रायफल शिकंज्यात बांधतात, लॉटमागून लॉट तपासतात आणि जो जमला त्याच्याच पेट्या विकत घेतात. आपल्याला ते परवडत नाही. पण क्लबकडे नवी रायफल मागण्याआधी तीन-चार लॉटच्या एकेक डब्या मागा. रायफल टेकवून, एका सकाळी, वारा उठायच्या आत, प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे गट मारा. कागदाच्या मागं लॉट नंबर आणि तापमान लिहा, आणि कागद फेकू नका.